विश्वाची मोजणी

विश्व प्रसरण पावतं आहे, हे वाक्य मराठी वाचकाला नवीन राहिलेलं नाही. शाळेच्या पुस्तकात ते असतं, दिवाळी अंकांत असतं, आणि जयंत नारळीकरांच्या लेखांमुळे तर ते दोन-तीन पिढ्यांच्या कानांवरून गेलं आहे. तरीही कोल्हापुरात या विषयावर बोलायला उभं राहिलं, की श्रोत्यांतून ठरलेले प्रश्न येतात. विश्व पसरतं, तर कशात पसरतं? त्याचा मध्य कुठे? दीर्घिका लांब जातात, मग कोल्हापूर-पुणे अंतरही वाढतं आहे का? हे प्रश्न भाबडे नाहीत. उलट विचारणाऱ्याने ते वाक्य मनावर घेतलं आहे, याची ती खूण आहे.

दोष सांगणाऱ्यांचा आहे. आपण वाचकाच्या हाती निष्कर्ष ठेवतो आणि तो ज्या एका ओळीतून निघतो ती ओळ झाकून ठेवतो. का, तर समीकरण दिसलं की वाचक पान उलटेल. मला हे कधीच पटलं नाही. गुंठ्यांचे हिशेब तोंडी करणारी, मोजणीची ३३ फुटी साखळी आणि तिचे सोळा आणे ठाऊक असलेली माणसं या जिल्ह्यात अजून आहेत. बांधाचा प्रश्न आला की ती दुसऱ्याच्या शब्दावर विसंबत नाहीत, मोजून घेतात. विश्वाच्या बाबतीतही वाचकाला स्वतः मोजून घेता यावं, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे. ती ओळ पहिल्याच प्रकरणात दिली आहे आणि पुढची सगळी प्रकरणं तिच्याच आधाराने चालतात. त्या ओळीला मेट्रिक म्हणतात.

मेट्रिक म्हणजे अंतर काढायचा नियम. सपाट कागदावर हा नियम पायथागोरसचा: पूर्व-पश्चिम फरकाचा वर्ग, अधिक उत्तर-दक्षिण फरकाचा वर्ग, बरोबर अंतराचा वर्ग. पृथ्वीच्या पाठीवर मात्र तो जसाच्या तसा चालत नाही. कोल्हापूर साधारण १६.७ अक्षांशावर आहे. इथून रेखांशाचा एक अंश पूर्वेला गेलात तर सुमारे १०७ किलोमीटर होतात. श्रीनगरला तोच एक अंश सुमारे ९२ किलोमीटरचा. अंश तोच, अंतर वेगळं. म्हणून रेखांशाच्या फरकाला आधी अक्षांशानुसार बदलणाऱ्या एका गुणकाने गुणावं लागतं आणि मग वर्गांची बेरीज करावी लागते. तो गुणक हाच पृथ्वीच्या मेट्रिकचा गाभा. अंशांचे आकडे म्हणजे नुसते पत्ते; पत्त्यांवरून अंतर मिळतं ते गुणकामुळे. या प्रस्तावनेतली एकच गोष्ट वाचकाने सोबत न्यायची असेल तर मी हीच सांगेन, कारण प्रसरणशील विश्वाविषयीचे बहुतेक गैरसमज पत्त्यालाच अंतर समजल्यामुळे झालेले आहेत.

आता यात काळ मिळवायचा. २१ सप्टेंबर १९०८ रोजी कोलोन इथल्या व्याख्यानात हेर्मान मिंकोव्स्की यांनी अवकाश आणि काळ यांना एकाच मोजणीत बसवलं. दोन घटनांमधलं अंतर काढताना प्रकाशाचा वेग गुणिले मधला काळ, याचा वर्ग घ्यायचा आणि त्यातून अवकाशातल्या अंतराचा वर्ग वजा करायचा. बेरीज नाही, वजाबाकी. या एका वजा चिन्हात विशेष सापेक्षता सिद्धांताचा बहुतेक ऐवज साठवलेला आहे. प्रकाशकिरणासाठी दोन्ही वर्ग सारखे होतात आणि उत्तर शून्य येतं.

अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव कोल्हापूरकराला सांगायला नको. नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत येतात आणि लागोपाठच्या संध्याकाळी देवीच्या चरणांपर्यंत, मग वक्षापर्यंत, मग मुखापर्यंत चढतात. तो किरण सूर्यावरून निघून सुमारे ८ मिनिटं २० सेकंद झालेली असतात आणि त्याने जवळपास १५ कोटी किलोमीटर कापलेले असतात. आपल्या घड्याळाने मोजलं तर काळ आहे, आपल्या पट्टीने मोजलं तर अंतर आहे. पण निघण्याची घटना आणि पोचण्याची घटना यांच्यातलं मिंकोव्स्कीचं अंतर शून्यच आहे. विश्वाबद्दल आपल्याला जे जे कळतं त्यातलं जवळजवळ सगळं अशा शून्य लांबीच्या वाटांवरूनच आलेलं आहे. ही वाट पसरणाऱ्या विश्वातून जाते तेव्हा काय होतं, हा पुस्तकाच्या मधल्या भागाचा विषय.

प्रसरणशील विश्वाचं मेट्रिक मी शब्दांतच लिहितो:

(अंतर)² = (प्रकाशवेग × कालांतर)² − (प्रमाण)² × (नकाशावरचं अंतर)²

मिंकोव्स्कीच्या ओळीत एकाच गोष्टीची भर पडली आहे: प्रमाण. हे प्रमाण जागेप्रमाणे बदलत नाही, फक्त काळाप्रमाणे बदलतं. गावच्या गटनकाशाच्या कोपऱ्यात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे इतके मीटर, असं लिहिलेलं असतं. समजा नकाशावरचे सगळे गट, सगळ्या विहिरी जिथल्या तिथे राहिल्या आणि कोपऱ्यातला तो आकडा मात्र रोज थोडा थोडा वाढत गेला. कुठलीही विहीर नकाशावर हलली नाही, तरी कुठल्याही दोन विहिरींमधलं जमिनीवरचं अंतर वाढलं. आणि जेवढं अंतर मुळात जास्त, तेवढी वाढही जास्त. विश्वाच्या नकाशावर दीर्घिका अशाच आपापल्या जागी असतात. वाढतं ते कोपऱ्यातलं प्रमाण. एडविन हबल यांनी १९२९ साली दाखवलेला नियम, म्हणजे दूरची दीर्घिका तिच्या अंतराच्या प्रमाणात अधिक वेगाने दूर जाते, या ओळीतून आपोआप निघतो. त्यासाठी कुठल्याही स्फोटाची गरज लागत नाही, आणि मध्य तर नाहीच. सगळ्या नकाशाला एकच प्रमाण असेल तर कुठल्या विहिरीला मध्य म्हणणार?

यात एक गृहीतक दडलेलं आहे आणि लोकप्रिय लेखनात त्याचा उल्लेख क्वचितच होतो. सगळ्या विश्वासाठी एकच कालांतर आपण कोणत्या घड्याळाने मोजलं? सापेक्षता सिद्धांतात तर प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. हेर्मान वाइल यांनी १९२३ साली यावर बोट ठेवलं. दीर्घिकांचे मार्ग अवकाश-काळात एकमेकांना न छेदता शिस्तीत जातात असं मानलं, तरच त्या सगळ्यांना चालेल असा वैश्विक काळ ठरवता येतो. जयंतरावांच्या विश्वरचनाशास्त्रावरच्या पाठ्यपुस्तकात या गृहीतकाला मानाचं स्थान आहे, आणि विद्यार्थ्यांनी ते परीक्षेपुरतं पाठ करून सोडून द्यावं असं नाही. याच्यावाचून ‘विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं’ या वाक्याला अर्थच उरत नाही.

नकाशावरचं अंतर काढण्याचेही तीनच प्रकार संभवतात. विश्व सगळीकडे आणि सगळ्या दिशांना सारखं आहे असं धरलं, की त्याच्या अवकाशाची भूमिती गोलासारखी बंदिस्त, सपाट किंवा खोगिरासारखी उघडी, एवढेच पर्याय राहतात. वक्रतेचा अंक अनुक्रमे अधिक एक, शून्य किंवा वजा एक. हॉवर्ड रॉबर्टसन आणि आर्थर वॉकर यांनी १९३५च्या सुमारास हे स्वतंत्रपणे सिद्ध केलं, आणि तेही आइन्स्टाइनची समीकरणं न वापरता, निव्वळ सममितीच्या जोरावर. मेट्रिकचा साचा सममितीतून येतो. प्रमाण काळानुसार कसं बदलेल, हे मात्र आइन्स्टाइनची समीकरणं ठरवतात आणि त्यासाठी विश्वात काय भरलं आहे ते सांगावं लागतं. अलेक्झांडर फ्रीडमन यांनी ही आकडेमोड १९२२ साली केली. जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ साली ती पुन्हा, स्वतंत्रपणे केली आणि दीर्घिकांच्या निरीक्षणांशी जोडली. आइन्स्टाइन यांनी स्वतः १९१७ साली स्थिर विश्व मांडलं होतं. प्रमाण बदलू द्यायला ते पुढची बरीच वर्षं तयार नव्हते.

किरणाकडे परत येतो. एखाद्या दीर्घिकेतून प्रकाश निघाला तेव्हा प्रमाण एक होतं आणि आपल्यापर्यंत पोचेपर्यंत दोन झालं, असं समजू. शून्य लांबीच्या वाटेची अट लावून दोन लागोपाठच्या तरंगशिखरांचा हिशेब केला, तर तरंगलांबी नेमकी दुप्पट झालेली मिळते. तरंगलांबीच्या या वाढीलाच ताम्रच्युती म्हणतात. तिचा अर्थ लावायला वेग सांगावाच लागत नाही. तेव्हाचं प्रमाण आणि आताचं प्रमाण यांचं गुणोत्तर पुरतं. विश्वातून सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीचा प्रकाश निघाला तेव्हापासून प्रमाण सुमारे ११०० पट वाढलं आहे, म्हणून तेव्हाचं सुमारे ३००० अंश केल्व्हिन तापमान आज २.७ अंशांवर आलं. तिसऱ्या प्रकरणात हा हिशेब सगळ्या पायऱ्यांसह दिला आहे. त्यात दोन भागाकार आणि एक संकलन आहे. बारावीच्या गणिताबाहेरचं काही नाही.

या हिशेबाचा एक परिणाम मला फार आवडतो. वस्तू जितकी दूर तितकी ती लहान दिसते, हा आपला जन्मभराचा अनुभव. पसरणाऱ्या विश्वात तो एका मर्यादेपर्यंतच खरा. ताम्रच्युती साधारण १.६च्या पुढे गेली, की तेवढ्याच आकाराच्या दीर्घिका पुन्हा मोठ्या दिसू लागतात, कारण प्रकाश निघाला त्या वेळी त्या आपल्या फार जवळ होत्या. वेगवेगळ्या मेट्रिकमध्ये ही मर्यादा वेगवेगळ्या ठिकाणी येते, आणि स्थिर स्थितीच्या विश्वात (त्याविषयी पुढे) येतच नाही. म्हणजे दुर्बिणीत दिसणाऱ्या कोनावरून मेट्रिकची परीक्षा घेता येते. ही कल्पना फ्रेड हॉइल यांनी मांडली होती.

हॉइल यांचं नाव आलं म्हणजे त्यांचे विद्यार्थी जयंतराव नारळीकर आले, आणि मग कोल्हापूरला येणं भागच आहे.

मिंकोव्स्कीच्या त्या व्याख्यानानंतर पाच दिवसांनी, २६ सप्टेंबर १९०८ रोजी, जयंतरावांचे वडील विष्णू वासुदेव नारळीकर कोल्हापुरात जन्मले. हा योगायोग आहे, पण मला तो लिहिल्याशिवाय राहवत नाही. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून ते केंब्रिजला गेले, गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत रँग्लर झाले. आर्थर एडिंग्टन तेव्हा केंब्रिजला होते, आणि सापेक्षता सिद्धांत इंग्रजी जगाला त्यांनीच समजावून दिला होता. मदन मोहन मालवीय यांच्या बोलावण्यावरून विष्णुपंत १९३२ साली बनारस हिंदू विद्यापीठात आले आणि ऐन विशीत गणित विभागाचे प्रमुख झाले. त्यांनी तिथे अठ्ठावीस वर्षं काढली. ज्या काळात जगातल्या बहुतेक विद्यापीठांत व्यापक सापेक्षता सिद्धांत शिकवतच नसत, त्या काळात बनारसला या विषयाचं घराणं उभं राहिलं. ते एका कोल्हापूरकराने उभं केलं, हे आपल्या शहरात पुरेसं माहीत नाही. कुस्तीची, चित्रपटाची परंपरा आपण अभिमानाने सांगतो. ही परंपराही त्याच मानाची आहे.

त्या घराण्याचं काम बहुतांशी मेट्रिकचं काम होतं. प्रह्लाद चुनीलाल वैद्य १९४२ साली गुजरातेतून बनारसला विष्णुपंतांकडे आले. कार्ल श्वार्त्सशिल्ट यांचं १९१६ सालचं मेट्रिक प्रकाश न देणाऱ्या स्थिर गोलाबाहेरचं होतं. खरा तारा तर प्रकाश फेकतो आणि त्याचं वस्तुमान सतत घटत जातं. अशा ताऱ्याबाहेरचं मेट्रिक वैद्यांनी १९४३ साली शोधलं. ते आज ‘वैद्य मेट्रिक’ या नावाने जगभर वापरलं जातं आणि कृष्णविवरांच्या अभ्यासात तर त्याच्याशिवाय चालत नाही. विष्णुपंतांच्या बरोबर काम केलेले के. आर. करमरकर यांनी १९४८ साली आणखी एक बारीक प्रश्न सोडवला: गोलाकार सममितीचं चार मितींचं मेट्रिक पाच मितींच्या सपाट अवकाशात कधी बसवता येतं? ती ‘करमरकर अट’ आजही शोधनिबंधांत दिसते.

‘विश्व कशात पसरतं?’ या श्रोत्यांच्या प्रश्नाला मी उत्तर देतो ते इथूनच. प्रसरणशील विश्वाचं मेट्रिकही पाच मितींच्या सपाट अवकाशात बसवता येतं. पण बसवता येतं, म्हणून ते तिथे बसलेलंच आहे असं होत नाही. अंतरं, कोन, क्षेत्रफळं, प्रकाशाच्या वाटा, सगळं आतल्या आत, मेट्रिकवरून मोजता येतं. बाहेर काहीतरी असायलाच हवं, असा आग्रह गणित धरत नाही. फुगणाऱ्या फुग्याचं प्रसिद्ध चित्र मी या पुस्तकात मुद्दाम घेतलेलं नाही, कारण ते पाहणाऱ्याला फुग्याच्या आत आणि बाहेर डोकवायला लावतं.

विष्णुपंतांचे मोठे चिरंजीव जयंत यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरातच झाला. बालपण मात्र बनारसला गेलं. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी ‘चार नगरांतले माझे विश्व’ असं नाव दिलं. ती चार नगरं बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. कोल्हापूर त्यांत नाही, आणि ते बरोबरच आहे. माणूस घडला तिथली नगरं त्याने मोजली. तरी घरातलं गणित कोल्हापूरचं होतं, वडिलांकडूनही आणि आईकडूनही. मामा वसंत शंकर हुजूरबाजार कोल्हापूरचे, पुढे नामवंत संख्याशास्त्रज्ञ झाले आणि पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग त्यांनी उभारला. दुसरे मामा मोरेश्वर बनारसच्या घरातल्या फळ्यावर भाच्यासाठी एखादं अवघड गणित लिहून ठेवत आणि ते सुटेपर्यंत पुसत नसत. लहान मुलाला उत्तर न देता प्रश्नासोबत राहू देण्याची ही रीत, मला वाटतं, पुढे जयंतरावांच्या सगळ्या संशोधनात दिसते.

केंब्रिजला ते हॉइल यांचे विद्यार्थी झाले. हॉइल, हेर्मान बाँडी आणि टॉमी गोल्ड यांनी १९४८ साली स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला होता: विश्व सगळीकडून सारखं दिसतं तसं सर्व काळीही सारखंच दिसलं पाहिजे. एवढ्या एका आग्रहातून पूर्ण मेट्रिक कसं निघतं, ते पाहण्यासारखं आहे. अवकाश वक्र असेल, तर प्रमाणाबरोबर वक्रतेची त्रिज्याही वाढत जाईल आणि आजचं विश्व कालच्याहून वेगळं ओळखता येईल. म्हणून वक्रता शून्यच. प्रमाण वाढण्याचा दर भागिले प्रमाण, म्हणजे हबल स्थिरांक, तोही काळानुसार बदलता कामा नये. म्हणून प्रमाण चक्रवाढीने वाढलं पाहिजे. झालं मेट्रिक. आइन्स्टाइनचं एकही समीकरण लागलं नाही. विलेम द सिटर यांनी १९१७ साली रिकाम्या विश्वासाठी काढलेलंच हे मेट्रिक; पण इथे विश्व रिकामं नाही. प्रमाण वाढलं तरी घनता तीच राहायची, तर नवं द्रव्य निर्माण होत राहायला हवं. त्याचा दर फार थोडा: एका घनमीटरला शंभर कोटी वर्षांच्या हिशेबात एखादा हायड्रोजन अणू. ही निर्मिती हवेतून नको, नियमातून यावी, यासाठी हॉइल आणि नारळीकर यांनी ऋण ऊर्जेचं निर्मितिक्षेत्र सापेक्षता सिद्धांताच्या चौकटीत बसवलं.

१९६१च्या फेब्रुवारीत मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांची गणती पुढे ठेवून हा सिद्धांत बाद झाल्याचं जाहीर केलं. कमी तेजाच्या स्रोतांची संख्या स्थिर स्थितीच्या मेट्रिकने सांगितलेल्या संख्येपेक्षा फार जास्त भरत होती. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत उत्तर द्यायचं काम हॉइल यांनी बावीस वर्षांच्या जयंतवर सोपवलं. विश्वात दीर्घिकांचे मोठे गुच्छ आणि मोठ्या पोकळ्या असतील तर गणतीचा आलेख वेगळा येऊ शकतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. वाद त्या दिवशी मिटला नाही. १९६५ साली आर्नो पेंझियास आणि रॉबर्ट विल्सन यांनी सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी शोधली, तेव्हा बहुतेकांच्या लेखी तो महास्फोटाच्या बाजूने मिटला. जयंतरावांनी मात्र अखेरपर्यंत, म्हणजे २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन होईपर्यंत, महास्फोट पूर्णपणे मान्य केला नाही. १९९३ साली हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी आभासी स्थिर स्थितीचं विश्व मांडलं. त्यात प्रमाण एकंदरीने चक्रवाढीने वाढतं, पण मध्ये मध्ये आकुंचन-प्रसरणाच्या लाटा येतात.

मला पुराव्यांचं पारडं महास्फोटाच्या बाजूला जड वाटतं, आणि पुस्तकात मी तसं स्पष्ट लिहिलं आहे. पण या साऱ्या वादाकडे मेट्रिकच्या बाजूने पाहिलं की एक गोष्ट लख्ख दिसते. दोन्ही पक्ष एकाच साच्यात लढत होते. रॉबर्टसन-वॉकर यांची ओळ दोघांनाही मान्य होती. भांडण होतं ते प्रमाणाच्या आलेखाबद्दल: तो भूतकाळात शून्याला टेकतो, की कधीच टेकत नाही? वृत्तपत्रांनी रंगवलेल्या ‘आइन्स्टाइनला आव्हान’ या चित्रापेक्षा ही हकीकत अधिक नेमकी आहे, आणि अधिक रोचकही.

आता कोल्हापूर-पुणे अंतराचा प्रश्न. हबल स्थिरांक दर मेगापार्सेकला सेकंदाला ७० किलोमीटर धरला, तर पृथ्वी-सूर्य अंतर वर्षाला सुमारे १० मीटरने वाढायला हवं. ग्रहांची अंतरं रडारने आणि यानांच्या संदेशांवरून मीटरच्या हिशेबात मोजली जातात. एवढी वाढ लपून राहिली नसती. ती नाही. कारण साधं आहे. समप्रमाणात भरलेल्या विश्वाचं मेट्रिक सूर्यमालेला लागूच होत नाही. जिथे द्रव्य एकवटलेलं आहे तिथलं मेट्रिक त्या द्रव्याने ठरतं. एकवटलेलं वस्तुमान पसरत्या विश्वात ठेवलं तर काय होईल, याचं मेट्रिक जॉर्ज मॅकव्हिटी यांनी १९३३ साली दिलं, आणि ग्रहांच्या कक्षांवर होणारा परिणाम त्यात नगण्य निघतो. इथे एक खाचखळगा आहे. चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर जातो, आणि हबल स्थिरांकाने सरळ गुणाकार केला तर चंद्रासाठी २.७ सेंटिमीटरच्या आसपास उत्तर येतं. आकडे जवळचे दिसतात म्हणून कुणी चंद्राला विश्वाच्या प्रसरणाचा पुरावा करू नये. चंद्र दूर जातो तो भरती-ओहोटीमुळे. कोल्हापूर आणि पुणे तर एकाच खडकावर उभी आहेत.

आणखी एका ठिकाणी वाचकाने सावध राहावं. द सिटर यांनी आपलं मेट्रिक १९१७ साली लिहिलं तेव्हा त्यात प्रसरण दिसत नव्हतं. प्रमाण अचल होतं. तेच विश्व पुढे लमेत्र आणि रॉबर्टसन यांनी दुसऱ्या निर्देशकांत लिहिलं आणि ते चक्रवाढीने पसरू लागलं. भूमिती तीच, पत्ते देण्याची पद्धत वेगळी. एडवर्ड मिल्न यांचं रिकामं विश्व तर याहून टोकाचं आहे: उघडी भूमिती, काळाच्या प्रमाणात वाढणारं प्रमाण, आणि निर्देशक बदलले की मिंकोव्स्कीचा साधा सपाट अवकाश-काळ समोर येतो. म्हणून ‘अवकाश ताणलं जातं’ असं म्हणताना जपून म्हणावं. निर्देशक बदलूनही जे बदलत नाही, म्हणजे ताम्रच्युती, दिसणारा कोन, मोजलेलं तेज, त्यावर बोट ठेवता आलं पाहिजे. सातव्या प्रकरणात ही दोन्ही उदाहरणं सोडवून दाखवली आहेत. वाचकांना ते सगळ्यांत कठीण वाटेल याची मला कल्पना आहे, तरीही ते गाळलेलं नाही. हे प्रकरण पेन्सिल घेऊनच वाचावं.

शेवटची दोन प्रकरणं आजच्या स्थितीची आहेत. १९९८ साली दूरच्या अतिनवताऱ्यांवरून कळलं, की प्रमाणाच्या वाढीचा वेग मंदावण्याऐवजी वाढतो आहे. विश्वाच्या ऊर्जेचा सुमारे ७० टक्के भाग ज्याचं स्वरूप ठाऊक नाही अशा कृष्ण ऊर्जेचा आहे. ती अचल राहिली तर फार पुढच्या काळात प्रमाण चक्रवाढीनेच वाढेल; म्हणजे भविष्यातल्या विश्वाचं मेट्रिक द सिटर यांचं असेल, जे स्थिर स्थितीवाल्यांनी सर्व काळासाठी मानलं होतं. तेव्हा सुमारे १६००-१७०० कोटी प्रकाशवर्षांपलीकडच्या दीर्घिकांतून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत कधीच पोचणार नाही. स्थिर स्थितीच्या विश्वात घनता कायम राहते, या विश्वात ती शून्याकडे जाते. मेट्रिक एक, पण विश्वं दोन.

आणि हबल स्थिरांक अजून ठरलेला नाही. हबल यांनी स्वतः ५०० काढला होता. त्यावरून विश्वाचं वय २०० कोटी वर्षांच्या आत येत होतं, पृथ्वीवरच्या खडकांपेक्षाही कमी. स्थिर स्थितीच्या कल्पनेला बळ मिळालं ते काही अंशी या अडचणीमुळेच. आज सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीवरून मेट्रिक लावून काढला तर तो ६७च्या आसपास येतो, आणि जवळच्या दीर्घिकांची अंतरं एकेक पायरी चढत मोजून काढला तर ७३च्या आसपास. दोन्ही बाजूंच्या चुकांच्या मर्यादा आता एकमेकींना शिवत नाहीत. मोजणीत कुठे चूक राहिली आहे, की प्रमाणाच्या आलेखात आपल्याला ठाऊक नसलेलं काही आहे, की सगळीकडे सारखं विश्व हे गृहीतकच थोडं सैल करायला हवं? अखेरच्या प्रकरणात या तिन्ही शक्यतांचे हिशेब मांडले आहेत आणि प्रत्येकासोबत वाचकाने स्वतः करून पाहायची गणितं दिली आहेत. त्यांची उत्तरं पुस्तकाच्या शेवटी आहेत. फक्त या प्रकरणातल्या शेवटच्या गणिताचं उत्तर अजून कुणाकडेच नाही.